मोमियाईची भीती



२९ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. आजचे कस्तुरबा रुग्णालय ते हेच. शहरातल्या मांडवी भागात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, दिसून जेमतेम महिना झाला होता. रुग्णालयात माणसांना उलटे टांगून, खाली विस्तव पेटवून त्यांची मोमियाई, म्हणजे अंगातले औषधी तेल, काढतात असे शहरभर बोलले जात होते. त्याच महिन्यात इंग्लंडच्या राणीच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले होते. त्याचा सूड म्हणून राणीने मुंबईकरांची काळजे मागवली आहेत, अशीही बोलवा उठली. डांबर फासणारे पुण्याचे चाफेकर बंधू होते, हे पुढे कळले. कट जगात असतातच. पण ते बहुधा असे दोनचार माणसांचे असतात आणि उघडकीला येतात.

या कामगारांना खुळे म्हणणे अन्यायाचे होईल. रुग्ण अगदी शेवटच्या अवस्थेत उचलून नेला जाई, नातलग बाहेर थांबत, आणि आत गेलेला बहुतेकदा परतत नसे. एवढे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. आत काय चालते हे कोणी सांगत नव्हते, आणि खरे तर सांगण्यासारखे डॉक्टरांपाशीही थोडेच होते. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगला सापडला होता, पण तो उंदरावरच्या पिसवांतून माणसात येतो हे सिमाँ नावाच्या संशोधकाने दाखवले ते १८९८ साली. तोवर गटारांत कार्बोलिक ओतले जात होते, छपरांना भोके पाडली जात होती, आणि पुढेपुढे स्टेशनांवर परके पुरुष बायकांच्या काखा तपासू लागले.

घरचे माणूस चार दिवसांत जाते आणि त्याला कोणी जबाबदार नाही, हे मनाला सोसवत नाही. कारणाची जागा रिकामी राहिली की तिथे दुष्ट माणूस आणून बसवला जातो. रोगावर धोंडा मारता येत नाही, रुग्णालयावर मारता येतो; हतबल माणसाला तेवढाच आधार वाटतो. एकदा गोष्ट रुजली की सरकारचा इन्कार हाच पुरावा ठरतो. चाळीत शंका घेणारा एकटा पडतो, म्हणून तोही गप्प बसतो. शिकलेल्यांचे मन याहून वेगळे चालत नाही. त्यांना पुरावे जुळवायला जास्त शब्द सापडतात, इतकेच.

रुग्णांत काम करायला निघालेल्या डॉक्टरने म्हणूनच अफवा खोडण्याची घाई करू नये. समोरच्याने काय पाहिले, कोण गमावले, हे आधी विचारावे आणि पुरते ऐकून घ्यावे. त्यात जे खरे असेल ते त्याच्यासमोर मान्य करावे. आपल्याला जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे सांगावे. नातलगाला खाटेपाशी बसू द्यावे. त्याची थट्टा मात्र कधी करू नये. ज्याला हसले गेले तो माणूस पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही.

मुंबईतही पुढे काही जमातींनी आपापली प्लेग रुग्णालये काढली, तिथे घरची माणसे आत जाऊ शकत. हाफकिन या संशोधकाने १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगवरची आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. तरी लोक बिचकतच होते. तेव्हा खोजांचे धर्मगुरू, जेमतेम विशीचे आगाखान यांनी आपल्या समाजासमोर दंड पुढे करून ती टोचून घेतली, एकदा नव्हे, अनेकदा. मग त्यांचे लोक लस घ्यायला पुढे आले.