चुकलेल्या रियाजाची भरपाई

मिरज

चि. मनू,


तुझं वेळापत्रक मिळालं. पहाटे साडेचारला उठणं, पाच ते सात रियाज, रात्री पुन्हा एक तास, रविवारी चार तास आणि खाली लाल अक्षरांत ‘या सत्रात विशारद पूर्ण’. तुझ्या आईनं ते मला दोनदा वाचून दाखवलं, इतकी ती खूश आहे. मी तेवढी खूश नाही. गेल्या गुढीपाडव्यालाही तू असंच वेळापत्रक केलं होतंस आणि त्याचं पुढे काय झालं ते तूच मला फोनवर सांगितलंस. सुरुवात छान झाली. मग ऑफिसात कसलंसं रिलीज आलं, दोन दिवस बुडाले. तिसऱ्या दिवशी रविवार होता म्हणून ‘आज बसून सगळं भरून काढते’ असं ठरवून तू सकाळपासून दुपारपर्यंत गात बसलीस. घसा असा धरला की पुढचे कित्येक दिवस बोलायचीसुद्धा पंचाईत. तंबोरा गवसणीत गेला, तो गेलाच.

तुला वाटतं, ते दोन दिवस बुडाले तिथे सगळं बिघडलं. माझं म्हणणं असं की तिसऱ्या दिवशी भरून काढायला बसलीस तिथे बिघडलं. आजचं पत्र एवढं सांगण्यासाठीच आहे.

आधी गळ्याचं बघ. स्वरतंतू म्हणजे नाजूक स्नायू आणि त्यावरचं पातळ आवरण. सवय नसताना तासन्‌तास ताणून गायलं की ते सुजतात, आवाज घोगरा होतो, आणि त्याला औषध एकच, गप्प राहणं. म्हणजे दोन दिवसांची भरपाई करताना आठ दिवस घालवायचे. हा व्यवहार कुठल्याही हिशेबात बसत नाही. गणिताचे उरलेले धडे एका रात्रीत वाचून काढता येतात. परवाचा खर्ज मात्र आज लावता येत नाही. आज फक्त आजचा लागतो.

आणि मनाचं तर त्याहून वाईट. बुडालेला प्रत्येक तास तू वहीत बाकी म्हणून मांडतेस. किराणा दुकानात उधारी वाढली की माणूस त्या गल्लीतून जायचंच टाळतो, तसं तुझं तंबोऱ्याच्या बाबतीत झालं. तो दिसला की तुला राग आठवत नाही, थकबाकी आठवते. असं झाल्यावर कोण हात लावील त्याला? मी इतकी वर्षं शिकवते आहे. आळसामुळे गाणं सुटलेली मुलं मला थोडी भेटली, या बाकीच्या धास्तीनं सुटलेली फार. आणि त्यात हुशार, नेटकी, तुझ्यासारखी वेळापत्रकं करणारी मुलं जास्त.

तुला पुरावा लागतो, माहीत आहे मला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सवय कशी लागते याचा एक अभ्यास केला, तो २०१० साली छापून आला. ९६ जण घेतले, प्रत्येकानं रोज करायची एक साधी गोष्ट निवडली, कुणी जेवताना पाणी पिणं, कुणी संध्याकाळी जेवणाआधी पळणं, आणि १२ आठवडे नोंदी ठेवल्या. गोष्ट आपोआप व्हायला लागायला सरासरी ६६ दिवस निघाले. पण कुणाला १८ पुरले, तर कुणाचे गणितानं २५४ पर्यंत गेले. पाणी पिणं लवकर अंगवळणी पडलं, व्यायामाला जास्त वेळ लागला. माझ्या दृष्टीनं यातली खरी कामाची गोष्ट पुढे आहे. मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे तुझा तो शुक्रवार बुडाला, तो नुसता बुडाला. त्यानं मागचं काही पुसलं नव्हतं.

आणि ते ‘२१ दिवसांत सवय’ वगैरे तुझ्या ऑफिसच्या भिंतीवर लावलेलं आहे ना, ते विसर. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान तीनेक आठवडे लागतात, असं त्यांनी पाहिलं होतं. त्यातलं ‘निदान’ पुढे लोकांनी गाळलं. चेहरा बघण्याची सवय आणि भैरवातला कोमल ऋषभ जागेवर लागणं यांचा तसाही काय संबंध?

आता तुझ्या डोक्यात ज्या कथा बसल्या आहेत त्यांच्याबद्दल. त्या बसवण्यात आम्हा गाणाऱ्यांचाच हात आहे. चाळीस दिवस कोंडून घेऊन चिल्ला केला, रात्रभर तानपलटे घोटले, पहाटे शुद्ध हरपली. यातल्या काही खऱ्या असतील. पण त्या ऐकताना घरात स्वयंपाक कोण करत होतं, हे एकदा विचारून बघावं. भीमसेनजी अकराव्या वर्षी घर सोडून गेले, पुढे कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी राहून पाणी भरत शिकले. त्यांच्या आयुष्यात त्या वेळी गाण्याशिवाय दुसरं काही नव्हतं. तुला सकाळी साडेआठला हिंजवडीची बस पकडायची आहे. त्यांच्या तासांशी तुझे तास ताडून पाहण्यात काही अर्थ नाही. घ्यायचीच तर केसरबाई केरकरांची गोष्ट घे. १८९२ सालचा जन्म, आणि १९२१ साली अल्लादियाखाँसाहेबांकडे पद्धतशीर तालीम सुरू झाली. म्हणजे तुझ्यापेक्षा मोठ्या होत्या. आणि खाँसाहेब १९४६ साली जाईपर्यंत शिकणं चालू राहिलं, मैफली गाजत असतानाही. ‘आता वय गेलं’ हे वाक्य यापुढे मला ऐकवायचं नाही.

गाण्याबाहेरचं एक उदाहरण मला फार आवडतं. भारतरत्न पांडुरंग वामन काणे. मुंबईच्या हायकोर्टात वकिली करणारा माणूस. धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० साली आला, पाचवा १९६२ साली, तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. सगळी मिळून साडेसहा हजारांवर पानं. ऐकून छाती दडपते. पण भाग देऊन बघ. नुसती १९३० ते १९६२ एवढीच वर्षं धरली तरी दिवसाला साधारण अर्धं पान होतं. पहिल्या खंडाआधीची तयारी धरली तर त्याहूनही कमी. अर्थात त्या अर्ध्या पानामागे किती वाचन होतं ते मी सांगायला नको, आणि ते रोज नेमकं अर्धंच पान लिहीत असतील असंही नाही. पण ते अमानुष काम नव्हतं. वकिली सांभाळून होणारं होतं, आणि झालं.

तर आता तुझं. ते वेळापत्रक फाड. रोज वीस मिनिटं, सकाळी, दात घासून झाल्यावर आणि चहा ठेवायच्या आधी. घड्याळाची वेळ मुद्दाम सांगत नाही. घड्याळ चुकलं की तू म्हणणार, आता वेळ गेली. चहा मात्र तू चुकवत नाहीस. उठल्या उठल्या आवाज जड असतो, खाली उतरतो, म्हणून खर्ज तेव्हाच लावायचा. तुझा षड्ज काळी चारचा. मंद्रात जिथवर न दाबता जाता येईल तिथवर जा, एकेका स्वरावर श्वास संपेपर्यंत थांब. एवढंच सात-आठ मिनिटं. मग एक पलटा, एकच, सावकाश, आकारात. उरलेल्या वेळात भैरव. तीन महिने दुसरा राग काढायचा नाही. यूट्यूबवर काहीही ऐकलंस आणि कितीही मोह झाला तरी नाही. संध्याकाळचे राग संध्याकाळी वेळ मिळेल तेव्हा हौसेनं गा, ते रियाजात मोजायचे नाहीत.

तंबोरा गवसणीतून काढून कोपऱ्यात नीट उभा करून ठेव, जाता-येता धक्का लागणार नाही असा. गवसणीची गाठ सोडण्याएवढा आळससुद्धा सकाळी पुरतो. ज्या दिवशी जुळवत बसायला वेळ नसेल त्या दिवशी मोबाइलवरचं तानपुऱ्याचं ॲप लाव. ज्या गावच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं त्या गावात बसून मी हे लिहिते आहे. आमच्या सतारमेकर गल्लीत कळलं तर माझं काही खरं नाही. पण न जुळलेल्या तंबोऱ्यापेक्षा ॲप बरं, आणि न झालेल्या रियाजापेक्षा तर पुष्कळच बरं. फक्त फोन आधी फ्लाइट मोडवर टाक, नाहीतर पंचमावर असताना मॅनेजर मेसेज करेल.

वाईट दिवस येणारच. उशिरा झोपलीस, पाहुणे आहेत, रूममेटची परीक्षा आहे. त्या दिवशी पाच मिनिटं बसायचं, नुसता सा लावायचा आणि उठायचं. सर्दी असेल, घसा दुखत असेल तर अजिबात गायचं नाही. तेवढा वेळ भैरवची एखादी चांगली ध्वनिफीत डोळे मिटून ऐकायची. एखादा दिवस तेही झालं नाही, तर सोडून द्यायचं. दुसऱ्या दिवशी वीसच मिनिटं. चाळीस नाही. ही एक गोष्ट तू पाळलीस तर बाकीच्या सूचना थोड्या इकडे-तिकडे झाल्या तरी चालतील.

वही ठेवायची असेल तर ठेव, पण त्यात मिनिटं लिहू नकोस. काय अडलं तेवढं एका ओळीत लिही. ‘धैवत चढतोय.’ ‘पलटा आठव्या आवर्तनाला घसरला.’ मिनिटांच्या वहीतून फक्त बाकी कळते. अशा वहीतून उद्या काय करायचं ते कळतं.

माझ्याकडे बँकेतले एक गृहस्थ येतात. आवाज बेताचा, वय पन्नाशीपुढचं. ते कधी परीक्षेबद्दल विचारत नाहीत आणि कधी कौतुकाची वाट बघत नाहीत. चुकले तर दुसऱ्या दिवशी येतात, कारणं सांगत नाहीत, जिथे सोडलं होतं तिथून सुरू करतात. परवा त्यांनी यमनमधला तीव्र मध्यम असा लावला की शेजारी बसलेल्या विशारद झालेल्या दोन मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. त्या दोघींनी परीक्षा झाल्यापासून तंबोरा उघडलेला नाही, हे मला माहीत आहे.

म्हणून विशारदबद्दल माझा निर्णय असा: या सत्राचा फॉर्म भरायचा नाही. परीक्षेला माझा विरोध नाही. तारखेच्या धाकानं केलेला रियाज तारीख उलटली की थांबतो, आणि तुला तर आधी तो न थांबवायला शिकायचं आहे. पुढच्या सत्राचं पुढे बघू. दिवाळीला येशील तेव्हा मला बंदिश नको, ताना नकोत; भैरवचा दहा मिनिटांचा आलाप ऐकव, त्यावरून मी सांगीन.

आणि हे पत्र आईला दाखवू नकोस. ती रोज सकाळी फोन करून ‘वीस मिनिटं झाली का’ म्हणून विचारत बसेल.

तुझी,
मावशी