क्रोशाकामातील रंगांची निवड



आपल्या बोरगाव-निपाणी भागात लग्नाचे रुखवत मांडले की त्यात क्रोशाचे तोरण आणि रुमाल हमखास दिसतात. गेल्या वर्षी हस्तकलेच्या तासाला आम्हीही लाल-पांढरे तोरण करायला घेतले. मुलांनी पंधरा दिवस खपून ते पुरे केले आणि पहिल्याच धुण्यात लाल रंग पांढऱ्यावर उतरला. चूक मुलांची नव्हती. दोरा न तपासता हाती दिला, ती आमची होती. म्हणून या वेळी रंगांचाच पाठ घेत आहोत.

पहिली गोष्ट, रंग एकटा कधीच दिसत नाही. पॅरिसच्या गोबेलँ या विणकामाच्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेल्या शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाकडे तक्रार आली होती की काळा धागा फिका दिसतो. त्यांनी तपासले तर रंगाईत दोष नव्हता. शेजारच्या रंगांमुळे काळा तसा भासत होता. यावर त्यांनी १८३९ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणून दुकानात लड्या सुट्या न पाहता एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात.

दुसरी गोष्ट, फिकट-गडद भेद. लाल आणि हिरवा हे अगदी वेगळे रंग. पण दोन्ही सारखेच गडद असले तर लांबून नक्षी उठत नाही. डोळे किलकिले करून पाहा, किंवा मोबाईलवर काळे-पांढरे छायाचित्र काढा. दोन्ही दोरे एकसारखे दिसले तर त्यातला एक बदला.

तिसरी गोष्ट, प्रमाण. घरातील आजीचे इरकल लुगडे नीट पाहा. अंगाचा रंग सर्वांत जास्त, काठाचा त्याहून कमी आणि लाल पदरावर पांढरी नक्षी थोडीच. म्हणूनच ती उठून दिसते. अंगाचे आणि टोपपदराचे ताणे फासे घालून जोडलेले असतात. तोरणातही एक रंग मुख्य, दुसरा सोबतीला आणि तिसरा चिमूटभर ठेवावा.

रंग बदलताना खांब पूर्ण करून मग नवा दोरा घेऊ नये. सुईवर शेवटचे दोन फास उरले की जुना दोरा सोडून नवा त्यातून ओढावा. मग पुढचा टाका स्वच्छ नव्या रंगात येतो. दोन्ही टोके बोटभर ठेवून मागच्या बाजूने टाक्यांत गुंतवावीत. गाठ मारून कापली तर ती सुटू शकतात.

आणि सर्वांत आधी रंगाची परीक्षा. वीतभर दोरा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात घट्ट गुंडाळावा व वाळू द्यावा. फडक्यावर डाग पडला तर तो दोरा पांढऱ्यासोबत वापरू नये. एकाच कामाला लागणाऱ्या लड्या एकाच वेळी, एकाच लॉट क्रमांकाच्या घ्याव्यात. नंतर आणलेल्या लडीची छटा थोडी वेगळी निघू शकते.

पुढच्या तासाला प्रत्येकाने तीन रंगांचा तळहाताएवढा चौकोन आणि सोबत परीक्षेचे फडके आणावे. पालकांनी घरातील उरलेल्या लड्या मुलांना द्याव्यात. नवीन घेण्याची गरज नाही. लाल डाग पडलेले ते तोरण आम्ही टाकलेले नाही. नवे तोरण तयार झाले की दोन्ही शेजारी-शेजारी टांगू.