पी. एल. ४८० : मदत की मिंधेपणा?

बलाढ्य राष्ट्रे तोफांच्या जोरावर सत्ता गाजवतात, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु भाकरीच्या जोरावरही सत्ता गाजवता येते. अमेरिकेच्या 'पी. एल. ४८०' या कायद्याचा भारतातील इतिहास हेच सांगतो. अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात मला हे नाव एका ओळीत भेटले. त्या ओळीमागचा अपमान मात्र पुढे वाचत गेलो तेव्हा कळला.

हा कायदा १९५४ साली, अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या कारकिर्दीत झाला. तो दयेपोटी जन्मला नव्हता, अडचणीपोटी जन्मला होता. अमेरिकन सरकार आपल्या शेतकऱ्यांना आधारभाव देत होते आणि शिल्लक गव्हाने कोठारे भरून वाहत होती. जगाला खुल्या बाजाराचे धडे देणाऱ्या देशात गव्हाचा भाव मात्र केवळ बाजार ठरवत नव्हता! शिल्लक धान्य खपवावे, नव्या बाजारपेठा मिळवाव्यात आणि परराष्ट्र धोरणही पुढे रेटावे, असा हा त्रिविध हेतू होता. भारताला त्यासाठी डॉलर मोजावे लागत नव्हते. किंमत रुपयांत द्यायची आणि ते रुपये अमेरिकेच्या नावे भारतातच जमा व्हायचे.

मे १९६० मध्ये आपले अन्नमंत्री स. का. पाटील यांनी वॉशिंग्टन येथे चार वर्षांचा करार केला. त्यात १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ ठरला. शहरांना स्वस्त धान्य मिळाले खरे; पण आयातीमुळे शेतमालाचे भाव दबतात आणि शेतीकडे दुर्लक्ष होते, असा इशारा काही अर्थतज्ज्ञांनी तेव्हाच दिला होता. म्हणजे दोष एकट्या अमेरिकेचा नव्हता. आयते मिळते म्हटल्यावर आपलेही हात सैल पडले.

१९६५ साली पाऊस रुसला आणि सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध पेटले. नेमक्या त्याच काळात अध्यक्ष जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचा करार नाकारून धान्य थोडे थोडे सोडण्याचे धोरण धरले. शास्त्रीजींनी देशाला आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. १९६६ साली सुमारे १ कोटी टन धान्य आयात झाले. बंदरात जहाज लागावे तेव्हा ताटात घास पडावा, अशी स्थिती होती. त्याच वर्षी ६ जून रोजी पाश्चात्त्य मदतदारांच्या दबावाखाली रुपयाचे अवमूल्यन झाले. ४.७६ रुपयांचा डॉलर ७.५० रुपयांना झाला. जुलैमध्ये इंदिरा गांधींनी मॉस्कोत व्हिएतनामवरील बॉम्बवर्षाव थांबवण्याची मागणी केली. जॉन्सन रुष्ट झाले आणि पुढे धान्याची मंजुरी रेंगाळली.

माझी आजी तेव्हा लहान होती. शाळा तिने पाहिली नाही. ती म्हणते, "रेशनच्या गव्हानं पोट भरलं, पण रांगेत मान खालीच असायची." मला वाटते, आजीच्या त्या रांगेत सारा देशच उभा होता.

यावर कोणी म्हणेल, त्या धान्याने बिहारच्या दुष्काळात माणसे जगली, ते विसरायचे का? मुळीच नाही. दबावामुळे आपण शेतीकडे वळलो, असेही म्हणतात. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे आले. त्यामागे नॉर्मन बोरलॉग या अमेरिकन शास्त्रज्ञाचे संशोधन होते, हेही मान्य केले पाहिजे. खाल्ल्या मिठाला जागावे, ही आपली शिकवण आहे. पण मीठ देणाराच दर महिन्याला इमानाचा हिशेब मागू लागला, तर कृतज्ञता उरत नाही, मिंधेपणा उरतो. माझी तक्रार अमेरिकन शेतकऱ्याविरुद्ध नाही, अमेरिकन विद्येविरुद्धही नाही. भुकेल्याच्या मताची किंमत धान्यात मोजणाऱ्या सत्तेविरुद्ध आहे.

१९७१ च्या अखेरीस आपण ही सवलतीची आयात थांबवली. १९७४ साली अमेरिकेने साठलेल्या रुपयांपैकी सुमारे १,६६४ कोटींचा धनादेश भारताला परत केला. हिशेब असा मिटला.

आज आपण धान्य देणाऱ्या देशांत आहोत. २०२२ साली भारताने अफगाणिस्तानला गहू पाठवला, त्याचा मला आनंद वाटतो. मात्र पुढेमागे एखादा लहान शेजारी आपल्याविरुद्ध बोलला, तर त्याचे जहाज आपण अडवू की सोडू? या प्रश्नाचे उत्तर आपल्या पिढीला द्यावे लागणार आहे. म्हणून हा जुना इतिहास वर्गात एका ओळीत उरकू नये, एवढीच माझी विनंती आहे.