सेप्सिस : मोजा, सुधारा, पुन्हा मोजा

शरीरात शिरलेल्या जंतूंशी लढताना कधीकधी प्रतिकार इतका बेफाम होतो की, शरीराच्या स्वतःच्याच अवयवांना इजा पोहोचते. यालाच सेप्सिस म्हणतात. येथे वेळेला फार मोल आहे. जे औषध वेळेवर दिल्यास जीव वाचवते, तेच उशिरा दिल्यास निरुपयोगी ठरू शकते. म्हणून औषधाइतकीच कामाची पद्धतही महत्त्वाची.

सन १८४७ मध्ये सेमेलवाइस यांनी व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये तेथे शेकडा सुमारे १८ बाळंतिणी दगावल्या होत्या. जूनमध्ये सुमारे २.

आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत आधी नवजात बालकांच्या आजारांची व मृत्यूंची मोजणी केली. मग गावातल्याच स्त्रियांना शिकवले. दूध ओढणे मंदावले, रडणे क्षीण झाले, अंग गार पडले, यांसारखी दोन लक्षणे एकदम दिसली की सेप्सिस समजायचे. रुग्णालयात नेणे जमत नसेल, तर पालकांच्या संमतीने घरीच प्रतिजैविक द्यायचे. पुन्हा मोजणी झाली. सेप्सिस झालेल्या बालकांत पूर्वी शेकडा सुमारे १७ दगावत; आता ३ हून कमी. हे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले.

२०११ पासून ही गृहभेटींची पद्धत देशभर आली. मावळातल्या खेड्यांतही आशाताई ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी बाळाला पाहायला जातात. सुरुवातीच्या भेटी जवळजवळ का ठेवल्या असतील? विचार करा.