गाठ नाही, तरी मानेचे ऑपरेशन का?

"डॉक्टरसाहेब, जखम तोंडात आहे, मग मान कशाला कापायची?" आपल्या गोंदियातील खर्रा खाणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक मला हा प्रश्न नेहमी विचारतात.

मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या सुरुवातीच्या अवस्थेतील ५०० रुग्णांचा अभ्यास करून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मानेतील ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. कारण ग्रंथीत शिरलेला सूक्ष्म रोग हाताला लागत नाही.

या ऑपरेशनने खांदा आखडू शकतो. त्यासाठी सांगितलेला व्यायाम नियमित करावा.

तोंडातील चट्टा तीन आठवड्यांत बरा न झाल्यास तुकडा काढून तपासून घ्या. आणि खर्रा आजच सोडा.