गाणाऱ्या मायलेकी : मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकर



वैशाखात आपल्या बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, तेव्हा लाउडस्पीकरवर सारखे अभंग चालू असतात. यंदा संत सोयराबाईंचा 'अवघा रंग एक झाला' हा अभंग लागला आणि आमची आजी पाळण्याजवळ उभी राहून ऐकतच राहिली. "कोन म्हनी ऱ्हायनी व हाई?" तिने मला विचारले. मला काही सांगता आले नाही. शाळा उघडल्यावर बाईंना विचारले. बाई म्हणाल्या, "अगं, त्या किशोरी आमोणकर." मग बाईंनीच मला ही सगळी माहिती सांगितली आणि लिहायला लावली.

किशोरीताईंची गोष्ट त्यांच्या आईपासून सुरू करावी लागते. आईचे नाव मोगूबाई. त्यांचा जन्म १५ जुलै १९०४ रोजी गोव्यातील कुर्डी या गावी झाला. गावावरून आडनाव पडले कुर्डीकर. मोगूच्या आईचे नाव जयश्रीबाई. मुलीने मोठी गायिका व्हावे हा त्यांचा ध्यास होता. पण मोगू दहा वर्षांची असेल नसेल, तोच आई वारली. विचार करा, आपल्या चौथी-पाचवीच्या मुलीएवढी ती! पुढे ती नाटक मंडळीत राहिली. आधी चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी, मग सातारकर स्त्री संगीत मंडळी. तिथे नाटकांत कामे करता करता गाणेही शिकली.

१९२० च्या सुमारास आजारपणामुळे तिला सांगलीला यावे लागले. ती घरात रियाज करीत असे. रस्त्याने जाणारे एक वृद्ध गृहस्थ थांबून ऐकत. एक दिवस ते घरात आले आणि स्वतःहून शिकवू लागले. हे अल्लादियाखाँ, कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या दरबारचे मोठे गवई! त्यांची योग्यता मोगूला पुष्कळ दिवस ठाऊकच नव्हती, असे सांगतात. मला ही गोष्ट फार आवडली. कारण खाँसाहेबांनी तिचे कूळ, पैसा काही विचारले नाही, नुसता आवाज ऐकला.

पण गोष्ट इथे संपत नाही. खाँसाहेब मुंबईला गेले, त्यांच्या मागोमाग मोगूबाईही मुंबईला गेल्या आणि तिथे तालीम बंद पडली. तालीम म्हणजे गुरूसमोर बसून शिकणे. त्यांनी धीर सोडला नाही. मधल्या काळात आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे शिकल्या, खाँसाहेबांचे धाकटे भाऊ हैदरखाँ यांच्याकडे शिकल्या. शेवटी १९३४ साली अल्लादियाखाँनी त्यांना रीतसर गंडा बांधला. गंडा म्हणजे गुरू शिष्याच्या मनगटाला बांधतो तो दोरा. सांगलीपासून हिशेब केला तर मध्ये सुमारे चौदा वर्षे गेली. आपली पहिली ते सातवी सात वर्षांत होते.

आता घराणे म्हणजे काय ते सांगते. मला आधी वाटले होते की घराणे म्हणजे नातेवाईक. तसे नाही. घराणे म्हणजे गाण्याची रीत. अल्लादियाखाँची रीत ती जयपूर घराण्याची. (जयपूर-अत्रौली असेही म्हणतात.) या रीतीत फारसे कोणी गात नाही असे राग असतात, दोन राग जोडून केलेले राग असतात आणि गाणे तालाला घट्ट धरून चालते. आम्ही वर्गात करून पाहिले. तीनतालाच्या मात्रा १६. पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली. बाईंनी सांगितले की टाळी देत मनाला येईल ते वाक्य बोला, पण शेवटचा शब्द बरोबर पुढच्या पहिल्या मात्रेवर आला पाहिजे. त्या जागेला सम म्हणतात. सगळ्या वर्गाची फजिती झाली. कोणी आधीच पोचले, कोणी उशिरा. गवई मंडळी हे तासभर करतात, तेही सुरात आणि दर वेळी नवे!

मोगूबाईंना तीन मुले. थोरली किशोरी. ती लहान असतानाच वडील वारले. घर चालवायला एकट्या मोगूबाई. गाण्याचे कार्यक्रम आणि शिकवण्या, एवढीच मिळकत. घरातही त्यांची शिस्त कडक. एखादी जागा त्या फार तर दोनदा गाऊन दाखवीत. तेवढ्यात उचलायची. वही नाही, पाटी नाही. आपण बाईंना "पुन्हा सांगा ना" असे किती वेळा म्हणतो!

किशोरी आईच्या मागे बसून तानपुरा धरी. तानपुऱ्याला चार तारा असतात. त्यावर चाल वाजवीत नाहीत, एकसारखा सूर धरून ठेवतात. मागे बसल्या बसल्या तिने आईचे गाणे ऐकले, तसे दुसरेही पाहिले. कार्यक्रमाला जायचे तर तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून, उतरायचे कोणाच्या तरी घरी, बिदागी थोडी, मानही थोडा. मोगूबाई सोसत, पण मुलीच्या मनात ते राहिले. मोठेपणी किशोरीताई स्वतः गाऊ लागल्या तेव्हा श्रोते गडबड करू लागले की त्या गाणे थांबवीत. लोक त्यांना तापट म्हणत. मला मात्र वाटते की आईचा झालेला अपमान पाहिलेली मुलगी आणखी कशी वागेल?

किशोरीताई आईशिवाय अंजनीबाई मालपेकर, शरच्चंद्र आरोलकर यांच्याकडेही शिकल्या. पंचविशीच्या सुमारास त्यांचा आवाजच गेला. गाणाऱ्याचा आवाज जाणे म्हणजे शेतकऱ्याचा बैल जाण्यासारखे. सुमारे दोन वर्षे त्या मनातल्या मनात गात राहिल्या, गाण्याचा विचार करीत राहिल्या. पुढे औषधोपचाराने आवाज परत आला. १९६४ साली 'गीत गाया पत्थरों ने' या चित्रपटात त्या गायल्या. आईला ते मुळीच रुचले नाही, आपल्या तानपुऱ्याला हात लावू देणार नाही इथवर गोष्ट गेली. आजीचे मत पडले की मोगूबाईंचे इथे जरा जास्तच झाले. पण किशोरीताई रागदारीकडेच परतल्या. त्यांनी गायिलेला भूप राग बाईंनी आम्हांला मोबाईलवर ऐकविला. तो पाचच सुरांचा, सा रे ग प ध. आपल्या पेटीवर वाजवून पाहा.

मायलेकी दोघींनाही पद्मभूषण मिळाले. आईला १९७४ साली, मुलीला १९८७ साली. किशोरीताईंना २००२ साली पद्मविभूषणही मिळाले. पण त्याआधीच, १० फेब्रुवारी २००१ रोजी, मोगूबाई वारल्या होत्या. किशोरीताई ३ एप्रिल २०१७ रोजी मुंबईत गेल्या. त्यांचा वाढदिवस सातच दिवसांवर, १० एप्रिलला होता. आता त्यांची नात तेजश्री गाते. म्हणजे जयश्रीबाईंच्या इच्छेला पणतीच्या मुलापर्यंत फळ आले, असा हिशेब मी आधी मांडला होता. बाईंनी तो दुरुस्त केला. जयश्रीबाईंची मुलगी मोगूबाई, नात किशोरीताई, किशोरीताईंचा मुलगा पणतू आणि तेजश्री ही त्या पणतवाची मुलगी.

कुर्डी गावाचे काय झाले ते सांगायचे राहिले. सांगे तालुक्यात साळावली धरण झाले आणि १९८६ च्या सुमारास गाव पाण्याखाली गेले. माणसे दुसरीकडे वसविली. उन्हाळ्यात पाणी आटले की घरांची जोती वर येतात, मग गावकरी येऊन आपापली जागा पाहतात, देवाचा उत्सव करतात. पाऊस पडला की पुन्हा पाणी. हे मी आजीला वाचून दाखविले. "गाव पानीमा बुडी गयं?" एवढेच ती म्हणाली आणि गप्प बसली. आजीचे माहेर तापीकाठचे. पाडळसरे धरणाचे बोलणे तिच्या माहेरी नेहमी चालते.

मोगूबाईंचे घर गेले, पण गाणे गेले नाही, कारण ते मुलीच्या गळ्यात होते. आपल्या खानदेशातही असेच एक उदाहरण आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, कविता जपल्या म्हणून त्यांचे पुस्तक १९५२ साली निघाले. आमच्या आजीला कानबाईची पुष्कळ गाणी येतात. मी त्यातले एकही शिकले नव्हते. या आठवड्यात दोन शिकले. आजी मात्र मोगूबाईंपेक्षा बरी, चार वेळा म्हणून दाखविते.

भित्तिपत्रकाखाली टेबलावर एक वही ठेवली आहे. ज्या आयाबायांना कानबाईची गाणी येत असतील त्यांनी त्यात नाव आणि गल्ली लिहावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सातवीच्या वर्गात कोणालाही सांगावे. आम्ही शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर घरी येऊन ऐकू.