तीर्थनच्या काठी ट्राउट ओळखताना

हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यातल्या तीर्थन नदीत गळाला लागणारे, ट्राउट म्हणवले जाणारे मासे मुख्यतः तीन: ब्राउन, रेनबो आणि स्नो ट्राउट. पहिले दोन बाहेरून आणून सोडलेले. तिसरा मूळचा हिमालयातला, पण तो खरा ट्राउट नाही. त्याला ओळखून जपणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

काय करावे

• आधी शेपटी पाहा. तिच्यावर बारीक काळे ठिपके ओळींनी पसरलेले असतील तर रेनबो. ती जवळपास कोरी असेल तर ब्राउन.

• मग कुशीकडे वळा. ब्राउनच्या काळ्या ठिपक्यांत लाल-नारिंगी ठिपके मिसळलेले असतात आणि बऱ्याच ठिपक्यांभोवती फिकट कडं असतं. रेनबोला लाल ठिपके नसतात.

• पाठीवरचा मोठा पर आणि शेपटी यांच्यामध्ये छोटा मांसल पर आहे का, ते तपासा. दोन्ही खऱ्या ट्राउटना तो असतो, स्नो ट्राउटला नसतो. स्नो ट्राउट हा आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला. त्याचं तोंड खालच्या बाजूला, ओठांजवळ आखूड मिशा, खवले अगदी बारीक. दगडांवरचं शेवाळ खरवडून तो जगतो. एवढं पाहिलंत की गल्लत होणार नाही.

• हे सगळं मासा पाण्यात, जाळीत असतानाच पाहा, तेही हात ओले करून. कोरड्या हातांनी त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग बुरशी धरते.

काय टाळावे

• रंगावरून निकाल देऊ नका. पाणी, तळ, वय, विणीचा हंगाम यांनुसार रंग पालटतो. रेनबोचा गुलाबी पट्टा कधी ठळक असतो, कधी दिसतही नाही.

• पिल्लांवरून जात ठरवण्याची घाई नको. दोन्ही ट्राउटच्या पिल्लांच्या कुशीवर सारखेच गडद उभे डाग असतात.

• अमेरिकेतल्या चित्रांवर विसंबू नका. गळ्याखाली लाल रेघ असलेला कटथ्रोट तिथल्या पश्चिमेकडच्या नद्यांतला.

• परवान्याशिवाय गळ टाकू नका. 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउट पकडायला बंदी असते, कारण ब्राउन थंडीत अंडी घालतो. मार्चमध्ये हंगाम उघडला तरी उथळ पाण्यातल्या स्वच्छ, उकरल्यासारख्या दिसणाऱ्या खड्यांवर पाय देऊ नका. अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लं तिथेच असू शकतात.